आमची मोटर

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी व्याकरण शिकवते. त्यात अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांच्या जोड्या येतात. फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे. कप फुटला म्हटलं की कप आणि त्याचं नशीब एवढंच वाक्यात राहतं. कप फोडलास म्हटलं की वाक्यात माणूस येतो आणि माणूस आला की भांडण येतं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये हा भाग शिकवताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरात कप कधी फुटतच नाही. फोडलाच जातो." सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या दिवशी माझं माझ्या थोरल्या जाऊबाईंशी बोलणं बंद होऊन चार महिने झाले होते, हे वर्गाला कुठं माहीत होतं!

या सदरात मी सहसा घरातलं सांगत नाही. पण हे सांगायचं ठरवलं. आक्कांना (आमच्या जाऊबाईंना घरात सगळे आक्का म्हणतात) वाचून दाखवलं, त्यांनी एक वाक्य काढायला लावलं आणि बाकीचं जाऊ दे म्हणाल्या.

आमचं घर जुनं आहे. खाली थोरले भावजी आणि आक्का, वर आम्ही. सासूबाई खाली. बेळगावात राहणाऱ्याला पाण्याची गोष्ट समजावून सांगायला नको. राकसकोपचं तळं किती भरलं यावर आपली जूनची झोप अवलंबून असते. काही वॉर्डांना २००८ पासून चोवीस तास पाणी मिळू लागलं, त्यात आमची गल्ली नव्हती. आमच्याकडं नळ येतो तो अंगणातल्या संपात. संप एकच. तिथून मोटरनं पाणी गच्चीवर चढतं. गच्चीवर मात्र टाक्या दोन, एक त्यांची, एक आमची. कुठल्या टाकीत पाणी जायचं ते ठरवणारा कॉक आणि मोटरचं बटण दोन्ही वरच्या जिन्यात, म्हणजे ते काम माझं. जुनी मोटर जळाली तेव्हा नवी आम्ही घेतली. वीज मात्र खालच्या मीटरवरची. हे कुणी कधी लिहून ठेवलं नव्हतं, तोंडी ठरलं होतं आणि आठ वर्षं विनातक्रार चाललं होतं.

२०२३ साली पावसानं दगा दिला. कर्नाटकातले दोनशेहून जास्त तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०२४ च्या एप्रिलात आमच्या गल्लीत नळ सात-आठ दिवसांनी यायला लागला. त्याच वेळी आक्कांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, बाळ बारा दिवसांचं. नळ यायच्या आदल्या रात्री आक्का जिन्याखालून म्हणाल्या, "उद्या आमची टाकी आधी भर गं." मी फोनवर बोलत होते. हात हलवून "हो हो" म्हटलं.

पहाटे साडेचारला नळ आला. मी उठले, बटण दाबलं आणि पेपर तपासायला बसले. कॉक आमच्या टाकीकडं होता. आमची टाकी भरली, भरून वाहिली आणि ते पाणी पन्हळीतून मागच्या गटारात गेलं. तासभर. संपाचा तळ दिसला तेव्हा मोटर कोरडी ओरडायला लागली आणि मग मला जाग आली म्हणा. नळ तोवर गेला होता. खालची टाकी रिकामी.

आक्का जिन्यात आल्या. "गटारीला पाणी दिलीस बघ. तुला काय, पगार आहे. टँकर मागवशील."

आता इथं मी काय म्हणायला हवं होतं ते पहिलीतलं पोरही सांगेल. मी म्हटलं, "मोटर आमची आहे आक्का. कशी वापरायची ते आम्ही बघू."

एवढंच. तीन वाक्यं त्यांची, दोन माझी. त्यावर आठ महिने.

मराठीत 'वी' या इंग्रजी शब्दाला दोन शब्द आहेत, आम्ही आणि आपण. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, त्याला वगळून बोलायचं तर आम्ही. आमच्या कॉलेजातले कन्नडचे सर यावर नेहमी कौतुकानं बोलतात, कारण कन्नडात दोन्हींना 'नावू' हा एकच शब्द. त्यांचं म्हणणं, तुम्हा मराठी लोकांना माणसाला घरात घ्यायला आणि घराबाहेर काढायला क्रियापद लागत नाही, सर्वनामानंच काम होतं. त्या सकाळपर्यंत मी 'आपली मोटर' म्हणत असे. 'आपली मोटर जरा आवाज करते, आपल्या मोटरला ग्रीस हवं.' त्या सकाळी ती 'आमची' झाली. पाणी सांडल्याचं आक्का दोन दिवसांत विसरल्या असत्या. त्यांनीच नंतर तसं सांगितलं. 'आमची' त्यांना विसरता आलं नाही.

अबोल्यालाही एक शिस्त असते. पहिल्या आठवड्यात निरोप सासूबाईंमार्फत गेले. "तिला म्हणावं गॅसवाला येऊन गेला." सासूबाईंनी चार दिवस ते केलं आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, "मी काय पोस्टात लागलेय होय?" मग मुलांमार्फत. मग चिठ्ठीनं. भावजी आणि नवरा एकमेकांशी बोलत होते, पण फक्त क्रिकेट. गणपतीत मोदक दोन स्वयंपाकघरांत झाले. दिवाळीत मी मुलाच्या हातून फराळाचा डबा खाली पाठवला. आपल्याकडं शेजारणीचा डबासुद्धा कुणी रिकामा परत करत नाही, काही नाही तर चिमूटभर साखर घालतात. आमचा डबा घासूनपुसून, लखलखीत, रिकामा परत आला. शिवी परवडली असती.

या काळात मी वाचत होते. आम्हा मास्तर लोकांना दुखलं की पुस्तक उघडायची सवय असते. मेरी पार्कर फॉलेट नावाच्या अमेरिकन विदुषीचं १९२५ सालचं भाषण वाचलं, संघर्षाचा चांगला उपयोग कसा करावा यावर. त्यात तिनं एक साधी हकिगत सांगितली आहे. हार्वर्डच्या वाचनालयातल्या लहान खोलीत दोघं वाचत बसलेली. एकाला खिडकी उघडी हवी, तिला बंद. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा मिळाली आणि तिच्या अंगावर थेट उत्तरेचा वारा आला नाही. ती म्हणते, ही तडजोड नव्हे. तडजोडीत दोघंही थोडं थोडं गमावतात. इथं दोघांना जे खरोखर हवं होतं ते मिळालं, कारण 'खिडकी' बाजूला ठेवून 'खिडकी कशासाठी' हे विचारलं गेलं.

मला ही हकिगत फार आवडली आणि तितकाच रागही आला. एक तर ती दोघं वाचनालयात होती, तिथं ओरडायची सोय नसते. दुसरं, शेजारची खोली रिकामी होती. आमच्या संपाशेजारी दुसरा संप कुठं होता? तरी 'कशासाठी' हा प्रश्न डोक्यात राहिला. आक्कांचं भांडण कशासाठी आहे? माझं उत्तर तयार होतं, पैशासाठी. मोटरच्या विजेचं बिल त्यांच्या मीटरवर येतं, ते खुपत असणार. मी हिशेब करून दोन महिन्यांचे पैसे पाकिटात घालून मुलाच्या हातून खाली पाठवले. पाकीट त्याच पावली वर आलं.

नोव्हेंबरच्या शेवटी नवरा जेवताना म्हणाला, "दादा म्हणतोय वाटणी करून घेऊया. अंगणात भिंत घालूया." अगदी शांतपणे, जशी भाजीत मीठ कमी आहे अशी तक्रार असावी. माझा घास हातात राहिला. पुढच्या रविवारी गवंडी टेप घेऊन आला. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. त्याला म्हणाल्या, "बाबा, संप कुठल्या बाजूला येणार?" तो म्हणाला, "मधोमध येतोय की आज्जी, भिंत त्याच्यावरनंच जाणार." माझ्या माहेरी खानापूर तालुक्यात भावकीच्या विहिरींना पाळ्या असत, सोमवार-मंगळवार याचे, बुधवार-गुरुवार त्याचे. जमिनीचे तुकडे झाले तरी विहिरीचे होत नाहीत, म्हणून लोक दिवसांची वाटणी करत. आणि दिवसांवरून भांडत, तेही खरं.

वाटणी म्हणजे पाप असं मी मानत नाही. स्पष्ट कागद असलेला बरा. पण ही वाटणी पाच वाक्यांतून निघाली होती आणि कोर्टात गेली तर कुठं जाईल याची मला भीती वाटली. ज्या भागाचा प्रश्न १९५६ पासून लोंबकळतो आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथल्या माणसाला दावा किती वर्षं चालतो ते सांगावं लागत नाही.

त्या रात्री मी खाली गेले. तयारी करून गेले, हीच चूक. पुस्तकांत लिहिलेलं असतं, 'तू असं केलंस' म्हणू नये, 'मला असं वाटलं' म्हणावं. मी सुरुवात केली, "आक्का, त्या दिवशी तुम्ही पगाराचं बोललात तेव्हा मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण..."

आक्का भाकरी थापत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "काय शिकवालीस मला? वर्गात जाऊन शिकव जा."

मी वर आले. रात्रभर रागानं झोप नाही. पहाटे कधीतरी लक्षात आलं की 'मला वाटलं' या शब्दांच्या आड मी त्यांच्यावर आरोपच केला होता. आठ महिन्यांनी खाली उतरून मी पहिलं काय सांगितलं, तर माझा अपमान. आणि वर तो 'पण'. या 'पण'चा स्वभाव असा की तो आपल्या आधीचं सगळं पुसून टाकतो. आपल्या बेळगावकडच्या बोलीत 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतात. 'येतो म्हणालो खरं जमलं नाही.' पुण्याचे पाहुणे यावर गोंधळतात. खरं काय ते सांग, म्हणतात. शब्द गोड आहे, काम तेच करतो.

दोन दिवसांनी पुन्हा गेले. या खेपेला तयारी नव्हती. त्या शेंगा सोलत होत्या, मी समोर बसून सोलायला लागले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी म्हटलं, "आक्का, मी मोटर चालू ठेवली. तुम्ही आदल्या रात्री सांगितलं होतं, मी ऐकलं होतं आणि मी कॉक फिरवला नाही."

इथं मला माझ्याच वर्गातला धडा आठवला हे कबूल करते. आठ महिने मी सगळ्यांना 'मोटर चालू राहिली' असं सांगत आले होते. माहेरी, मैत्रिणींना, नवऱ्याला. 'राहिली', 'राहून गेलं', 'झालं'. मोटर जणू स्वतःच्या मर्जीनं राहिली होती. दुसऱ्याच्या हातून कप गेला तर 'फुटला' म्हणावं, त्यात मोठेपणा आहे. स्वतःच्या हातून गेला की आपणही तेच म्हणतो आणि तिथं ती पळवाट होते. मी 'ठेवली' म्हटल्यावर आक्कांचे हात थांबले.

त्यानंतर त्या जवळजवळ तासभर बोलल्या. मी मध्ये बोलले नाही. फार कठीण गेलं. तीनदा तरी तोंड उघडलं आणि मिटलं. एकदा त्या जे सांगत होत्या ते सरळ चूक होतं, तारीखसुद्धा चूक होती. आमच्या धंद्यात चूक दिसली की हात आपोआप लाल पेनकडं जातो. मी शेंग उचलली.

पाण्याचं त्यात फारसं काही नव्हतं. त्या दिवशी शेजारच्या काकींनी दोन घागरी दिल्या, बाळाची आंघोळ झाली. पण दिवसभरात मी बाळ बघायला एकदाही खाली आले नाही, हे त्यांच्या मनात होतं. आणि पगार. लग्नाआधी त्या शिवणकाम करत. सासरे गेले, सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि मशीनवर कापड टाकून ठेवलं त्याला अकरा वर्षं झाली. "तुझा पगार एक तारखेला येतो, सगळ्यांना दिसतो," त्या म्हणाल्या. "मी करतो ते कुठल्या तारखेला दिसतं सांग." (आपल्याकडच्या बायका 'करतो' म्हणतात, मी ते सुधारत नाही.) अकरा वर्षांत त्या एका रात्रीसाठीसुद्धा निपाणीला बहिणीकडं राहिल्या नव्हत्या. मला हे माहीत होतं का? होतं. मी ते कधी मोजलं नव्हतं.

मला उत्तर सुचलं नाही. 'तुमचे फार उपकार आहेत' वगैरे म्हणता आलं असतं. ते ऐकायची त्यांना सवय होती आणि त्याचा त्यांना वीट आला होता. मी विचारलं, "काय झालं तर बरं होईल?" त्यांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "शनिवार-रविवार मला मोकळा पाहिजे."

बघा, मी विजेच्या बिलाचं पाकीट पाठवत बसले होते.

पुढचं लवकर सांगते. भावांचं वेगळं बसणं झालं, एका ओळखीच्या वकिलांसमोर. त्यांनी सांगितलं ते अनेकांना ठाऊक नसतं म्हणून लिहिते. दावा घालण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. ती व्यवस्था १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं आली आहे. तिथं समेट झाला तर तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो, त्यावर अपील नाही, आणि चालू दाव्यात समेट झाला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. कागद झाला, खालचं खालच्यांचं, वरचं वरच्यांचं, संप, अंगण आणि जिना सामाईक. भिंत घातली नाही. मोटरला आपोआप बंद होणारा स्विच बसवला, खर्च निम्मा-निम्मा. जिन्यात एक वही लटकवली आहे, नळ कधी आला, कुठली टाकी भरली, ते त्यात लिहायचं. हे आठ वर्षांपूर्वीच करता आलं असतं. तेव्हा वाटायचं, घरच्या माणसांत कसली वही!

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. 'बोलून मिटवा' हा सल्ला सगळीकडं चालत नाही. जिथं एकाचा हात उठतो आणि दुसरीनं अंगावर वळ घेऊन 'समजुतीनं घ्यायचं' असतं, तिथं संवादाचा प्रश्नच नाही. त्याला २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे आणि संरक्षण अधिकारी आहेत. आमच्या कॉलेजात अशा मुली येतात. त्यांना मी शेंगा सोलायला सांगत नाही. आक्का आणि मी एकमेकींना घाबरत नव्हतो, म्हणून आम्हाला हे जमलं. आणि तरी आठ महिने लागले.

सगळं गोड झालं असंही नाही. आक्का अजून पगाराचं बोलतात, पण आता माझ्या तोंडावर, हसत बोलतात. माझ्या तोंडून अजून 'आमची मोटर' जातं. मी जीभ चावते, त्या ऐकलं नाही असं दाखवतात. भावजींना ती वही बिलकुल आवडत नाही.

जानेवारीपासून शनिवारी सकाळी सासूबाई वर येतात. जिना चढायला वीस मिनिटं लागतात, मध्ये दोनदा बसतात. माझा चहा पांचट असतो असं त्यांचं मत आहे आणि ते त्या खालपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. पहिल्या शनिवारी आक्का निपाणीला गेल्या. दोन रात्री राहणार होत्या. रविवारी दुपारीच अंगणात चप्पल वाजली. वर आल्या, पिशवीतून बहिणीनं दिलेले तिळाचे लाडू माझ्या डब्यात घातले आणि सासूबाईंच्या गोळ्यांची पट्टी उचलून उजेडात धरली.

"ही सकाळची गोळी अजून इथंच कशी?"

"दिली मी आक्का. ती जुनी पट्टी आहे."

"जुनी कशी असेल, परवा मी आणलो!"

सासूबाईंनी कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले.